मरियमबीची सुरी आणि बार्शीचा फणस

लोकांच्या हॉलमध्ये काचेचं कपाट असतं त्यात काय असतं? कपबश्या असतात, मुलाला शाळेत मिळालेला एखादा कप असतो, फार तर पितळेचा उंट असतो. चंद्रहासच्या कपाटात सुऱ्या होत्या. शारजात, अल मजाजला, लगूनच्या काठावरच्या टॉवरात सातव्या मजल्यावर त्याचं घर. पाहुणे खिडकीतून पाणी बघायला जायचे आणि कपाटापाशीच अडकायचे. हाताने घडवलेल्या, न मिटणाऱ्या सुऱ्या, आणि एकीची मूठ दुसरीसारखी नाही. एक ओमानच्या लोहाराची, एक नेपाळी वॉचमनकडून दोन वर्षं चहा पाजून मिळवलेली, एक फिनलंडच्या कुणा खलाशाची. निळ्या मखमलीवर अशा निजवलेल्या, जणू पाळण्यातली बाळंच.

आणि या सगळ्यांनी मिळून जन्मात कापलं काय होतं? काही नाही. लोण्याचा गोळासुद्धा नाही. आत स्वैपाकघरात त्याची बायको शालिनी सुपरमार्केटातल्या अशा बोथट सुरीने कांदा चिरायची, की कांद्यालाच रडू फुटायचं.

"अहो, त्यातली एक द्या ना मला," ती म्हणायची.

"शालिनी, ते कलेक्टर्स पीस आहेत."

"मग मी काय रोजंदारीवर आहे?"

माणूस तसा साधा. दुबईत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचा हिशेब मांडणारा. सकाळ-संध्याकाळ शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये बसायचा, दारू नाही, पत्ते नाहीत. एवढा एकच नाद. आणि त्या नादात एकच दुखणं राहिलं होतं: मरियमबीची सुरी.

मरियमबीचं वर्कशॉप शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात होतं, गॅरेजांच्या रांगेत. भट्टीवर तिचा भाऊ रफिक. तो घणाशी बोलायचा, माणसांशी नाही. पुढे खुर्चीत मरियमबी, साठीची, भरदार, डोक्यावर ओढणी आणि नाकावर चष्मा. तिच्या सुरीबद्दल लोक काय काय सांगायचे! एका शिकाऱ्याने तिच्या सुरीने म्हणे हरणाची सावली कापली, हरीण पुढे गेलं आणि सावली तिथेच राहिली. कुणी म्हणायचं, तिची सुरी टेबलावर ठेवली तर शेजारचं टरबूज भीतीनेच दुभंगतं. खरंखोटं तीच जाणे, आणि ती काही खोडून काढत नसे.

पण सुरी सहजासहजी मिळायची नाही. मरियमबी एकच प्रश्न विचारायची, "काय कापणार?"

चंद्रहास पहिल्यांदा गेला तेव्हा सरळपणे म्हणाला, "कापणार काही नाही. कलेक्शनमध्ये ठेवणार."

मरियमबीने चष्म्यावरून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे कपाटात?"

"काचेच्या. आत लाइट आहे."

"अरे बाबा, लाइट तुरुंगात पण असतो. खलास. चल, नेक्स्ट."

दुसऱ्यांदा तो भाजी कापणार म्हणाला. तिने त्याचा हात धरून तळवा उलटा केला, बोटं चाचपली आणि म्हणाली, "या हाताने भेंडी तरी कापलीय का कधी? झूट नको बोलू, तुला जमत नाही. कान लाल होतात तुझे."

खरंच व्हायचे. चंद्रहासला खोटं बोलता येत नसे. ती विद्या त्याच्या घराण्यात आईपाशीच संपली होती.

ती आई, ठकुबाई, त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हिजिट व्हिसावर बार्शीहून आली. साल अठ्ठ्याण्णव. विमानातून उतरल्या उतरल्या तिने नातवाला सांगितलं की वाटेत विमान थांबलं होतं आणि पायलटने तिलाच विचारलं की शारजा डावीकडे का उजवीकडे.

"आज्जी, दॅट्स नॉट पॉसिबल," प्रणव म्हणाला. आठ वर्षांचा पोरगा, उत्तर कायम इंग्रजीत.

"आरं, मी खिडकीत बसलेली. मला दिसत व्हतं, त्याला कुठं दिसतंय?"

लेकाचं तोंड उतरलेलं तिला आठवड्यात कळलं. त्यामागचं कारण शालिनीने सांगितलं, आणि सांगताना थोडी हसलीही. ठकुबाई हसली नाही. लहानपणी याच पोराने जत्रेतला लाकडी घोडा मागितला होता आणि तिने नाही घेऊन दिला, असं काही नव्हतं. चार घोडे घेऊन दिले होते. पण मागून न मिळालेली वस्तू लेकाच्या डोळ्यांत दिसली की तिला चैन पडत नसे.

"चंदू, त्या बाईकडं मला घेऊन चल," ती म्हणाली. "आन् तिथं तू त्वांड उघडू नगंस."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळे गेले. ठकुबाईने नऊवारी सावरली, खुर्ची ओढली आणि मरियमबीच्या समोर ठाण मांडलं. दोघींनी एकमेकींना असं न्याहाळलं, जसे दोन पैलवान लाल मातीत उतरल्यावर न्याहाळतात.

"काय कापणार?" मरियमबीने विचारलं.

"फणस," ठकुबाई म्हणाली.

चंद्रहासने आईकडे बघितलं. बार्शीत फणस! बार्शीत ज्वारी होते, तूर होते, ऊन तर बारमाही होतं. ठकुबाईने फणस बघितला असेल तर तो बाजारात, तोही रस्त्याच्या पलीकडून.

मरियमबीच्या भुवया चढल्या. "फणस? मी दापोलीची आहे, बाई. आमच्या वाडीत फणसाची इतकी झाडं, की सूर्याला परवानगी काढून आत यावं लागायचं. बार्शीला कुठून आला फणस?"

"एकच झाड," ठकुबाई म्हणाली, आवाज जराही न हलवता. "आमच्या हिरीवर वाकल्यालं. फणस पिकला की धप्पदिशी पाण्यात पडायचा. मंग माझा चंदू सुरी दातात धरून हिरीत उडी मारायचा, आन् पवत पवत फणस कापायचा. वर येस्तवर गरे एका हातात, आठळ्या दुसऱ्या हातात. चीक समदा हिरीत. त्या हिरीचं पाणी प्यायलेल्या म्हशीचं दूध आजबी चिकट येतंय."

रफिकचा घण हवेतच थांबला. शालिनीने पदर तोंडात कोंबला. चंद्रहासचे कान असे पेटले, की भट्टीची गरज उरली नव्हती. पण त्याने तोंड उघडलं नाही. मरियमबी बराच वेळ ठकुबाईकडे बघत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते हसू नव्हतं, समाधान होतं. बऱ्याच वर्षांनी तिला तोडीस तोड कुणी भेटलं होतं.

"ठीक," ती म्हणाली. "बनवते. पण ऐक रे, पोहणाऱ्या. सुरी तयार झाली की मी स्वतः घेऊन येणार तुझ्या घरी. फणस पण मीच आणणार. माझ्यासमोर कापायचा, याच सुरीने. कापलास तर तुझी. नाही तर एक इंग्रज इंजिनियर सहा महिने माझ्या दारात उभा आहे, त्याला देऊन टाकेन."

"इन्शाल्ला," ठकुबाई म्हणाली. आठवड्यात तेवढं शिकली होती.

मग सुरू झाला निवडीचा सोहळा. मरियमबीकडे सगळं विचारून व्हायचं. पातं केवढं? पाठीला जाड की पातळ? टोक सरळ की किंचित वर उचललेलं? चकचकीत पॉलिश, की घणाच्या खुणा ठेवायच्या? चंद्रहास रोज ऑफिसातून परत येताना गाडी इंडस्ट्रियल एरियाकडे वळवायचा. एकदा घणाच्या खुणा हव्यात, दुसऱ्या दिवशी नकोत, तिसऱ्या दिवशी फक्त पाठीशी हव्यात. मुठीसाठी त्याने उंटाचं हाड हातात घेतलं, शिसवी घेतलं, ऑलिव्ह घेतलं, आणि शेवटी अडकला इथल्या सिदरच्या लाकडापाशी. सिदर म्हणजे दुसरं काही नाही, आपली बोर. मधासारखा रंग आणि आत तांबूस रेघा. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलं, दोन्ही बाजूंनी लाकूड, मध्ये केसाएवढी लाल पट्टी, तीन पितळी रिवेट.

"चार लावा ना," तो म्हणाला.

"तीन."

"म्यानाला शिवण पांढरी की तपकिरी?"

त्या दिवशी शालिनीही बरोबर होती. मरियमबीने तिच्याकडे बघितलं. "काय गं, लग्नाच्या वेळी पण एवढा विचार केला होता याने?"

"छे हो. मी पहिलंच स्थळ. चहा निवायच्या आत हो म्हणाले."

"मग नशीबवान आहेस. नाही तर तुला अजून रिवेट लावत बसला असता."

या गडबडीत एक गोष्ट सगळे विसरले होते: फणस. एप्रिल सरताना शालिनीनेच आठवण केली. "अहो, ती येईल तेव्हा कापणार कसा? तुम्ही कलिंगडसुद्धा फळवाल्याकडून कापून आणता."

दुबईच्या करामा भागातल्या एका केरळी दुकानातून फणस आला. ठकुबाईने आधी दिरहममध्ये किंमत ऐकली, मग रुपयांत केली आणि फणसाला नमस्कार केला. स्वैपाकघरात वर्तमानपत्र पसरलं. चंद्रहासने बाह्या वर केल्या, घरातली बोथट सुरी उचलली आणि देवाचं नाव घेऊन खुपसली.

आता कोकणातल्या शेंबड्या पोरालाही जे माहीत असतं ते बार्शीच्या माणसाला कोण सांगणार? फणसाला चीक असतो. हाताला आणि सुरीला तेल लावल्याशिवाय त्याच्या वाटेला जायचं नसतं. या मंडळींनी तेल लावलं नाही. वर ठकुबाईने सल्ला दिला, "पाणी मार, सुटंल." पाण्याने तो आणखीच बसला. सुरी फणसाला चिकटली, चंद्रहास सुरीला चिकटला, त्याला सोडवायला शालिनी गेली ती बांगड्यांसकट चिकटली. तेवढ्यात फोन वाजला. चंद्रहासने उचलला आणि मग तो ठेवताच येईना. साहेब पलीकडून तीनदा "ओके, बाय" म्हणाले, शेवटी वैतागून त्यांनीच फोन आपटला, तरी हा रिसीव्हर कानाला लावून उभाच. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवरून हात सुटेना म्हणून म्हणे तो ऑफिसच्या पुढे जाऊन थेट जेबेल अलीला पोचला. निदान ठकुबाई तरी बार्शीत गेल्यावर असंच सांगायची.

"बाबा, इट्स सो ग्रॉस," प्रणव लांबूनच म्हणाला.

वासाने शेजारची मल्याळी टीचर आली. तिने दारातून हा देखावा बघितला आणि भिंतीला धरून हसली. मग घरून खोबरेल तेलाची बाटली आणली, सगळ्यांना सोडवलं आणि चंद्रहासला समोर बसवून शिकवलं. हाताला तेल, सुरीला तेल. आधी देठाजवळ, मग आडवा छेद. चीक कागदाने टिपायचा, घासायचा नाही. मधला दांडा काढला की गरे आपसूक मोकळे होतात. चंद्रहास एस्टिमेटर माणूस, एकदा पद्धत कळली की पक्की. दर शुक्रवारी एक फणस. तिसऱ्या शुक्रवारी गरे अख्खे निघायला लागले. घराला, पडद्यांना, प्रणवच्या युनिफॉर्मला फणसाचा वास लागला. शाळेत मुलं त्याच्या डब्यापेक्षा शर्टाकडे ओढीने बघायची.

आणि मग मेच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. मरियमबी आली. मागे रफिक, खांद्यावर फणस, हा एवढा, की लिफ्टमध्ये फणस आणि रफिक गेले आणि मरियमबीला दुसरी लिफ्ट करावी लागली.

तिने पर्समधून कापडात गुंडाळलेली सुरी काढली आणि टेबलावर ठेवली. हातात दिली नाही. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, हे दापोलीलाही ठाऊक आणि बार्शीलाही.

चंद्रहासने म्यानातून ती हळूच ओढली.

पातं बाहेर आलं ते लगूनच्या पाण्यावरचं ऊन घेऊनच आलं. टोक किंचित उचललेलं, जसं एखाद्या मानी बाईने हनुवटी उचलावी. पाठीशी घणाच्या बारीक खुणा, धारेकडे पाणीदार. सिदरच्या मुठीतल्या तांबूस रेघा बरोबर त्या लाल पट्टीला जाऊन मिळत होत्या. आणि रिवेट तीनच. आता त्याला कळलं, चौथा नेमका त्या रेघांवर येऊन त्या मोडून गेला असता.

"चल, हबीबी," मरियमबी खुर्चीत टेकली. "उडी मार विहिरीत."

वर्तमानपत्र पसरलेलं होतं. खोबरेल तेलाची वाटी तयार होती. चंद्रहास फणसासमोर बसला. हाताला तेल लावलं. सुरी उचलली. आणि थांबला.

शालिनीला वाटलं, जागा शोधतोय. ठकुबाईला वाटलं, ऐट करतोय. पण चंद्रहासला कापताच येईना. कसं कापायचं ते येत होतं. पण या पात्यावर चीक? या मुठीत, या मधाच्या रंगात, फणसाचं घाण पाणी? सुरी फणसापासून वीतभर अंतरावर आली की हात आपोआप मागे यायचा. एकदा आला. दोनदा आला. कपाळावर घाम आला.

"आमच्यात आधी पूजा करत्यात," ठकुबाई पटकन म्हणाली. "हळदीकुंकू लावून, नव दीस—"

"आई, राहू दे," चंद्रहास म्हणाला. त्याचे कान लाल नव्हते, पांढरे पडले होते. त्याने सुरी टेबलावर ठेवली. "मरियमबी, मला फणस कापता येतो. आता शिकलोय. पण हिने नाही कापू शकत. विहीरबिहीर काही नाही. मला ही नुसती बघायचीये. तुमच्या इंजिनियरला द्या."

ते ऐकून शालिनी सगळी चेष्टा विसरली आणि त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

मरियमबी उठली. सगळ्यांना वाटलं, सुरी पर्समध्ये घालणार. तिने सुरी उचलली, दोन पावलं पुढे आली आणि तेल नाही, बिल नाही, कलिंगडात भोसकावी तशी खचकन फणसात खुपसली. मुठीपर्यंत!

"झाली खराब?" ती म्हणाली. "आता कसली भीती?"

चीक बदाबदा बाहेर आला. सुरी आत रुतली. मरियमबीने ओढली, निघेना. हलवली, निघेना. मग तिने मूठ दोन्ही हातांनी धरली आणि पिळायला सुरुवात केली.

"पिळू नका!" चंद्रहास असा ओरडला की लगूनवरचे पक्षी उडाले. "धार मोडेल! अहो, बाजूला व्हा! तेल न लावता कुणी फणस कापतं का? आणि उभा काय खुपसता, मध्ये दांडा असतो! हात काढा आधी! शालिनी, तेल आण. अजून! रफिकभाई, फणस धरा. असा नाही, आडवा!"

जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस. त्याने मरियमबीला कोपराने बाजूला सारलं, पात्याच्या कडेने तेल सोडलं, फणस हळूच हलवत सुरी सरळ वर काढली, कागदाने टिपली आणि लगेच, न थांबता, आडवा छेद घेतला. सुरी अशी गेली, जशी सायीतून बोट जावं. देठ सुटला. चीक टिपला. दांडा निघाला. पिवळेधमक कापे गरे परातीत पडायला लागले, एकामागून एक, एकालाही ओरखडा नाही.

"तेल न लावता," तो पुटपुटतच होता. "एवढं सुंदर पातं, आणि तेल न लावता."

मरियमबी हात वर धरून उभी होती. दहाही बोटं एकमेकांना चिकटलेली, ओढणीचं टोक मनगटाला, चष्मा केसाला. ठकुबाई तिच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू दिवाळी उजाडत होती.

"काय वो मरियमबी," ती गोड आवाजात म्हणाली, "दापोलीला फणसाला त्याल लावत न्हाईत व्हय?"

मरियमबी ओढणीचं टोक दातांनी सोडवायला लागली.

"सूर्व्य परवानगी काढून येतूय तिथं म्हनं."

रफिक त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "आपा डोंगरीत वाढली," तो म्हणाला. "मुंबईत. फणस गाडीवरून आणायचो. कापलेला."

"तू गप रे!" मरियमबी गरजली, आणि मग तिचंच हसू फुटलं. पोट हलेपर्यंत हसली, चष्मा पडला तो ठकुबाईने झेलला. "बाई, तुझ्या विहिरीची शपथ, या फणसाच्या बाबतीत आपण दोघी सख्ख्या बहिणी."

"मंग बस अशी हिकडं," ठकुबाईने तिला खोबरेलाच्या वाटीपाशी ओढलं आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला लागली. "बस, तुला त्या हिरीतल्या मगरीचं सांगते. मगर बी फनसच खायाची."

"अगं, माझ्या वाडीत वाघ खायचा!"

"आज्जी, टायगर्स डोन्ट ईट फ्रूट," प्रणव तोंडात गरा कोंबून म्हणाला.

"तू आधी त्वांडातलं गीळ."

शालिनी आठळ्या वेगळ्या करत होती. भाजी होईल दोन दिवसांची. मरियमबीने मोकळी झालेली बोटं ओढणीला पुसली, परातीतला सगळ्यात मोठा गरा उचलला आणि चंद्रहासकडे बघून म्हणाली, "खलास. सुरी तुझी."

चंद्रहासला ऐकूच गेलं नाही. कोपरापर्यंत तेल, शर्टावर चीक, मुठीवर एक काळसर डाग पडलेला, जो पुढे कधीच गेला नाही. तो फणसाच्या दुसऱ्या अर्ध्यावर वाकला होता, जीभ किंचित बाहेर, आणि बोटाने दांड्याची जागा चाचपत स्वतःशीच म्हणत होता, "इथून. बरोबर इथून."